भिंतीचा प्रकार : अनिश्चित

आत्माराम ओगल्यांनी जन्मात एकच धाडस केलं, आणि तेही नगरपालिकेच्या पत्राला उत्तर म्हणून.

पत्र आलं बासष्टच्या ऑक्टोबरात. हायडेलबर्गहून ट्रामने पंचवीस मिनिटांवरचं ते गाव. तिथल्या नगरपालिकेनं लढाईनंतर बेघरांसाठी सात घरांची एक ओळ बांधली होती. एकमेकांना खांदा लावून उभी असलेली ती सात घरं आता नगरपालिकेला सांभाळवेनात. तेव्हा जो ज्या घरात भाड्यानं राहतो त्यानं ते विकत घ्यावं. एकतीस मार्चपर्यंत खरेदी झाली नाही तर घर यादीतल्या पुढच्या माणसाला देण्यात येईल आणि भाडेकरूनं सहा महिन्यांत जागा सोडावी, असं पत्रात लिहिलं होतं. शेवटी "अत्यंत आदरपूर्वक" होतंच. जर्मन पत्रातला आदर शेवटच्या ओळीत असतो. तिथं पोचेपर्यंत माणूस अर्धमेला झालेला असतो.

"आपण घेऊ या," आत्मारामपंत म्हणाले.

वसुधाबाई कणीक मळायच्या थांबल्या. पंधरा वर्षांच्या संसारात नवऱ्यानं 'घेऊ या' हे दोन शब्द उच्चारलेले त्यांना आठवत नव्हते. छत्री घ्यायची तरी आत्मारामपंत तीन दुकानं बघत, चौथ्या दुकानात भिजत जात आणि तिथून परत येत.

"काय घेऊ या?"

"घर."

"कुणाचं?"

"आपलंच. म्हणजे ह्यांचं. म्हणजे आपण राहतो तेच."

वसुधाबाईंनी पुढं काही विचारलं नाही. विचारलं तर हा माणूस पुन्हा विचार करायला लागेल, ही भीती. ह्या घरात येण्याआधी पाच वर्षं त्यांनी एका म्हाताऱ्या बाईच्या माडीवर एका खोलीत काढली होती. फोडणीचा वास बाईंना सोसत नसे, म्हणून रविवारी बाई चर्चला गेल्या की दीड तासात आठवड्याच्या फोडण्या उरकायच्या. मोहरी तडतडायला आणि प्रार्थना संपून घंटा व्हायला एकच गाठ पडे. अठ्ठावन्न साली हे घर मिळालं तेव्हा वसुधाबाईंनी पहिल्या दिवशी काही शिजवलंच नाही. नुसती फोडणी केली.

आत्मारामपंत विद्यापीठात हस्तलिखितांची सूची करत. दोन वर्षांत संपणारं हे काम दहा वर्षं चाललं होतं, कारण कुठलीही पोथी अमक्याचीच असं त्यांना सांगवत नसे. पहिलं पान गहाळ असेल तर "कर्ता अनिश्चित", शेवटचं गहाळ असेल तर "काळ अनिश्चित". आणि दोन्ही जागच्या जागी असली तर हे नंतर कुणी जोडलं नसेल कशावरून, असा एक प्रश्न ते तळटीपेत विचारून ठेवत. जर्मन प्राध्यापक ह्या वृत्तीवर खूष होते. वसुधाबाईंचं मत कुणी विचारलं नव्हतं.

घरासाठी कर्ज काढायचं होतं. सातही कुटुंबांना कर्ज देणारी संस्था एकच. तिचा फॉर्म बावीस प्रश्नांचा. आत्मारामपंतांनी तेरा प्रश्न सुवाच्य अक्षरात सोडवले आणि चौदाव्याशी थांबले. भिंती कशाच्या आहेत?

ते उजवीकडच्या घरी गेले. तिथं हेर, म्हणजे श्रीयुत, क्नोप राहत. ट्राम चालवून निवृत्त झालेले, मनुष्य मोठ्या आवाजाचा.

"तुम्ही चौदाव्या प्रश्नाला काय लिहिलंत?"

"मासिव!" हेर क्नोप म्हणाले. मासिव म्हणजे भरीव, पक्की. "सगळे तेच लिहितात."

"पण कशावरून?"

हेर क्नोपनी भिंतीवर मूठ आपटली. "ऐकलंत?"

"ऐकलं. पण ठक् असा आवाज तर पोकळ पेटीचाही..."

"हेर डॉक्टर," क्नोप म्हणाले, "लिहा मासिव आणि जेवायला जा."

आत्मारामपंत जेवले. मग दिव्याखाली बसून, दहा वर्षांच्या हाताच्या सवयीनं, त्यांनी चौदाव्या प्रश्नापुढं लिहिलं : "अनिश्चित. परंपरेनुसार वीट, पुरावा उपलब्ध नाही." खाली सही केली. आपण एक काम तरी नीट केलं, असं त्यांना त्या दिवशी वाटलं. असं वाटणं हे त्यांच्या बाबतीत कधीच शुभलक्षण नसे.

दहा दिवसांनी सातही घरांना एकाच मजकुराचं पत्र आलं. "ओळीतील एका अर्जदाराने भिंतींच्या बांधणीबद्दल शंका उपस्थित केल्यामुळे" सगळ्यांची कर्जं थांबवण्यात येत होती. अर्जदाराचं नाव संस्थेनं सौजन्यानं गाळलं होतं. पण सात घरांत शंका उपस्थित करू शकेल असा माणूस एकच होता, हे बाकीच्या सहाही घरांना पत्र वाचून होण्याआधीच कळलं.

डावीकडच्या विधवा फ्राउ त्सेलर कुंपणाशीच उभ्या होत्या. "हेर डॉक्टर, माझी भिंत तुमच्या वाटेत आली होती का?"

"बाई, ती भिंत तुमची आणि आमची एकच आहे."

"म्हणूनच विचारतेय."

आपण घाण केली तर आपणच निस्तरावी, म्हणून आत्मारामपंतांनी चौकशी सुरू केली. ती त्यांनी पोथीसारखी केली, आणि इथंच सगळं आणखी बिघडलं. हेर क्नोप म्हणाले, लढाईत मानहाइम बेचिराख झालं, तिथला विटांचा मलबा गाड्या भरभरून आणला आणि दळून ह्या भिंती ओतल्या; आपण डोळ्यांनी पाहिलंय. फ्राउ त्सेलर म्हणाल्या, क्नोप तेव्हा रशियनांच्या कैदेत होता, तो काय बघतोय. माती आणि पेंढा माझ्या नवऱ्यानं ह्या पायांनी तुडवला, म्हणजे त्याच्या पायांनी. टोकाच्या घरातल्या सुताराचं म्हणणं, अमेरिकन सैन्याच्या सामानाची खोकी उचकटून त्यांच्या फळ्या घातल्या आणि वरून गिलावा मारला. समोरचा पाववाला ओळीत राहतच नव्हता. तरीपण तो म्हणाला, राखेचे ठोकळे.

आत्मारामपंतांनी चारही पाठभेद कागदावर उतरवले, कोण कोणावर अवलंबून आहे ह्याची आकृती काढली आणि ती संस्थेत नेऊन दिली. संस्थेतल्या बाई चष्म्यावरून बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिल्या.

"तर मग, हेर ओगले. आधी एक शंका होती."

"हो."

"आता चार आहेत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," आत्मारामपंत आनंदानं म्हणाले. कुणीतरी मुद्दा समजून घेतला होता.

भिंत उघडून बघा आणि तज्ज्ञाचा दाखला आणा, असं बाईंनी सांगितलं. भिंत उघडायची तर मालकाची परवानगी हवी. मालक नगरपालिका. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात, म्हणजे बाउआम्टमध्ये, घरांची फाइल होती. तिच्यात झाडं लावल्याची पावती आणि उद्घाटनाच्या भाषणाच्या तीन प्रती होत्या, भिंतीबद्दल अक्षर नव्हतं. भिंत फोडायची परवानगी? भाडेकरूला नाही, घर विकत घेतल्यावर खुशाल फोडा. पण घेण्यासाठी कर्ज, कर्जासाठी दाखला, दाखल्यासाठी भोक. आत्मारामपंत ह्या दोन कचेऱ्यांमध्ये नोव्हेंबरभर ये-जा करत राहिले. दोन्हीकडचे शिपाई त्यांना नावानं हाक मारू लागले. एवढा लौकिक त्यांना विद्यापीठात कधी लाभला नव्हता.

डिसेंबरात स्टुटगार्टहून श्यामकांत आला. तिथं तो बांधकामशास्त्रात डॉक्टरेट करत होता आणि दर दोन महिन्यांनी वरणभातासाठी ओगल्यांकडे येत असे. त्यानं भिंतीवर डावाच्या दांड्यानं तीनदा टकटक केलं.

"काका, वीट आहे. शंभर टक्के."

चौथ्यांदा फूटभर डावीकडे टकटक केलं. "इथं नाहीये."

"मग?" वसुधाबाईंनी विचारलं.

"काकू, भाडेकराराचा कागद आणा." त्यानं तो वाचला आणि त्याचे डोळे चमकले. "हे बघा. 'चित्रे टांगण्यासाठी भाडेकरू खिळे ठोकू शकतो.' परवानगी लागतच नाही! लांब खिळा ठोकायचा, बाहेर काढायचा, टोकाला काय लागलंय ते बघायचं. खाली, मध्ये, वर, सगळीकडे नमुने घ्यायचे. सायन्स आहे हे."

"आणि बाहेर काढलेल्या खिळ्याचं भोक?"

"त्यात परत खिळा आणि त्यावर चित्र. चित्र नसेल तर ते नुकसान. चित्र असेल तर ती सजावट."

त्या रविवारी अकरा खिळे ठोकले गेले. पहिल्याच्या टोकाला तांबडी पूड आली, हेर क्नोप जिंकले. दुसऱ्याला पेंढ्याची काडी, फ्राउ त्सेलर. तिसऱ्याला लाकडाचा भुसा. चौथ्याला राखाडी काहीतरी. पाववालासुद्धा खरा निघाला. पुढचे खिळे ह्याच चौघांत कौल वाटत गेले. अकरावा खिळा लोण्यात जावा तसा आत गेला आणि बाहेर आलाच नाही. पलीकडून फ्राउ त्सेलरची किंकाळी ऐकू आली. तो त्यांच्या कॅलेंडरातून, डिसेंबरच्या चित्रातल्या मेंढपाळाच्या छातीतून बाहेर आला होता.

आता प्रश्न चित्रांचा. घरात चित्रं तीन : गणपती, ट्राम कंपनीनं दिलेला हायडेलबर्गचा किल्ला आणि आत्मारामपंतांच्या वडिलांचा फोटो. मुलीची, सुलेखाची, शाळेतली चार चित्रं चौकटीत घातली. श्यामकांतनं पुलाचा एक नकाशा दिला. आत्मारामपंतांचं पदवीचं प्रमाणपत्र, एक आरसा आणि पोळपाटसुद्धा भिंतीवर चढला. नमुने जिथून घेतले तिथंच चित्रं येणार; त्यामुळं गणपती छताला टेकला आणि वडील जमिनीपासून वीतभरावर आले.

"अहो," वसुधाबाई म्हणाल्या, "मामंजींना असं पायाशी?"

"काकू, तिथला नमुना फार महत्त्वाचा आहे."

"दहा वर्षांची पोर येता-जाता त्यांना लाथ मारतेय!"

"नाइन," म्हणजे नाही, सुलेखा म्हणाली. तिला मराठी सगळं समजे, उत्तर मात्र जर्मनमध्ये येई. आपण आजोबांना लाथ मारत नाही, फक्त त्यांच्यापुढं बूट काढून ठेवतो, असं तिचं म्हणणं होतं.

फ्राउ त्सेलरनी मेंढपाळाची तक्रार नगरपालिकेत केलीच. बाउआम्टचे तपासनीस आले. ते उंच, अबोल आणि सर्दी झालेले होते. त्यांनी छताशी गणपती बघितला, खिडकीच्या कडेला तिरका लागलेला पूल बघितला, पोळपाट बघितला. मग गुडघ्यावर बसून आत्मारामपंतांच्या वडिलांचा चेहरा निरखला.

"हे कोण?"

"माझे वडील."

"तुमच्याकडे वडिलांना इथं लावतात?"

काय सांगणार? नाही म्हणावं तर ती चित्रं नव्हेत, भोकं झाली, आणि घर जायचं. आत्मारामपंतांचे वडील संस्कृतचे हेडमास्तर होते. हयातीत त्यांच्यासमोर आत्मारामपंत खुर्चीत बसले नव्हते.

"हो," आत्मारामपंत म्हणाले. "आदरानं."

तपासनिसांनी ते लिहून घेतलं. ते गेल्यावर आत्मारामपंत पोथ्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. खिळ्यांचा निष्कर्ष त्यांनी संस्थेला कळवला होता : चारही परंपरा प्रमाण. संस्थेनं उत्तर पाठवलं, की फॉर्ममध्ये अशा भिंतीला शब्द नाही.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. ओळीत आत्मारामपंतांशी कुणी बोलेना. पाववाला पाव देई, पण कालचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हेर क्नोपनी गावच्या बिअरच्या दुकानामागच्या खोलीत सातही घरांची सभा बोलावली. आत्मारामपंतांनी रात्र जागून भाषण तयार केलं. त्यांचं जर्मन पुस्तकातलं होतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी यायचं आणि तोवर ऐकणाऱ्यांचे पेले रिकामे व्हायचे. त्यांनी साधन-चिकित्सेवर दहा मिनिटं घेतली.

सुतार शेवटी उठला. "हेर डॉक्टर, माझी चार पोरं आहेत. भिंत माझ्या अंगावर पडली तर मी बघून घेईन. तुम्ही फक्त तो शब्द लिहा."

"संस्थेच्या बाईंना मी विचारलंय," हेर क्नोप म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला होता. "तुम्ही शंका लेखी मागं घेतली, की कर्जं सुटतील. एका शब्दाचं काम आहे हो."

घरी वसुधाबाई जागरण करत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग लिहिणार ना?"

"अगं, पण मला माहीत नाही ना ती कशाची आहे. माहीत नसताना लिहायचं म्हणजे..."

"तुम्ही आयुष्यभर अनिश्चित लिहीत आलात, मी काही बोलले का?" वसुधाबाईंचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "पण पोथीत कुणी राहत नाही. तुमच्या ह्या अनिश्चितात मी आणि सुलेखा राहतो."

आत्मारामपंत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला संस्थेच्या दारात उभे होते. दार आठला उघडलं. त्यांनी नवा कागद मागितला आणि त्यावर लिहिलं : "मासिव." जन्मात पहिल्यांदा त्यांनी माहीत नसलेली गोष्ट सहीनिशी लिहून दिली. बाहेर येऊन त्यांनी दगडी पायऱ्यांचा आधार घेतला. आणि त्या पायऱ्या तरी कशाच्या आहेत, हा विचार मोठ्या कष्टानं दाबला.

आठवड्याभरात सहा घरांना कर्ज मंजूर झाल्याची पत्रं आली. सुतारानं त्यांचं कुंपण फुकट दुरुस्त करून दिलं. फ्राउ त्सेलरनी केक पाठवला. पाव ताजा यायला लागला. सातवं पत्र मात्र येईना. अठ्ठावीस तारखेला आत्मारामपंत संस्थेत गेले.

बाईंना खरंच वाईट वाटत होतं. "बाकीच्यांनी कधी शंका घेतलीच नव्हती, हेर ओगले. त्यामुळं तुमची शंका गेली आणि त्यांचा मार्ग मोकळा झाला. पण तुमच्या फाइलमध्ये दोन उत्तरं आहेत. एक ऑक्टोबरचं, एक मार्चचं. ह्यातलं खरं कुठलं हे आम्हाला ठरवता येत नाही. भिंत उघडून दाखला आणला तर..."

आत्मारामपंतांनी मान हलवली. बाईंची पद्धत चुकीची आहे असं त्यांना म्हणता येईना. एकाच लेखकाची दोन परस्परविरोधी विधानं सापडली, तर त्यांनीही हेच केलं असतं.

एकतीस मार्च हा रविवार होता. तो आला आणि गेला.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी हेर क्नोपचा जावई डीटर बायकोला घेऊन घर बघायला आला. यादीतलं पुढचं नाव त्याचं होतं. हेर क्नोपनी हे स्वतः येऊन, टोपी हातात घेऊन, दारातच सांगितलं होतं. यादीत त्याच्यामागं कुणीच नव्हतं, हेही सांगितलं होतं. डीटर नाही म्हणाला तर घर नगरपालिकेकडेच राहील आणि ओगले भाड्यानं आहेत तसे राहतील. म्हणजे आत्ता सगळं ह्या एका पोराच्या हो-नाहीवर होतं.

डीटर पंचविशीतला, लाजाळू. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती. ती खिडकीपाशी उभी राहून पडद्याची लांबी हातानं मोजत होती. वसुधाबाई कॉफी करायला स्वयंपाकघरात गेल्या. दार त्यांनी लावलं नाही.

"हेर डॉक्टर," डीटर म्हणाला, "एक विचारू? ही भिंत. तुम्ही एवढा शोध घेतलात. खरं काय ते सांगा."

स्वयंपाकघरातला चमचा थांबला.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. चार परंपरा, अकरा खिळे, पेंढा, भुसा, राख, तो आरपार गेलेला मेंढपाळ. अर्धा तास बोललं असतं तर हे पोर बायकोला घेऊन ओळीच्या बाहेर पळालं असतं. आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण ज्या खऱ्यात आपला फायदा आहे ते खरं असेलच कशावरून, ही शंका आत्मारामपंतांना ऐन वेळी आली. त्यांनी डीटरच्या बायकोकडं पाहिलं. तिची मोजणी चुकली होती, ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.

"कशाची आहे ते मला माहीत नाही," ते हळू म्हणाले. "पाच महिने शोधलं, कळलं नाही. पण आम्ही इथं पाच हिवाळे काढले. ह्या हिवाळ्यात नेकार नदी गोठली. खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरायचा. माझी मुलगी ह्या भिंतीला पाठ टेकून रोज अभ्यासाला बसायची. गार लागतं म्हणून ती एकदाही उठली नाही. एवढं मला माहीत आहे."

डीटरनं मोठा श्वास सोडला. "मग झालं. संस्थेनं सांगितलं मासिव, सासऱ्यांनी सांगितलं मासिव, माझा विश्वास बसेना. शेवटी सासरेच म्हणाले, ओगल्यांना विचार. अख्ख्या ओळीत माहीत नसलेलं न बोलणारा तो एकच माणूस आहे. तो बरं म्हणाला तर डोळे मिटून सही कर."

त्यानं आत्मारामपंतांचा हात दोन्ही हातांत धरला. बायकोचे डोळे भरून आले होते. कॉफी न घेताच ती दोघं क्नोपच्या घराकडं धावत गेली.

वसुधाबाई कॉफीचे चार कप घेऊन बाहेर आल्या. दोन परत नेऊन ठेवले. उरलेल्या दोनांतला एक नवऱ्यापुढं ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हेच तेव्हा त्या फॉर्ममध्ये लिहायला काय झालं होतं?"

आत्मारामपंतांनी ह्या प्रश्नाचा नीट विचार केला.

"रकाना लहान होता," ते म्हणाले.